शब्दांच्या गाठी उकलणारा शास्त्रज्ञ : आंत्वान लाव्हाझिए
मुख्याध्यापिका (एम.ए., बी.एड.)

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता आणि मी मागच्या बाकावर बसून पाठनिरीक्षण करीत होते. पेशीचा पाठ होता. प्रकटवाचनासाठी उभी राहिलेली विद्यार्थिनी स्वच्छ, खणखणीत आवाजात वाचत होती. डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक ॲसिड हा शब्द आला आणि ती थबकली. दोनदा अडखळली, तिसऱ्यांदा काहीतरी भलतेच उच्चारून गेली. वर्गात खसखस पिकली. ती खाली बसली ती पुन्हा तासभर मान वर न करता. वर्ष संपले तेव्हा तिचे वडील शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आले. गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलत होते. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, मराठीतून शिकणाऱ्या मुलीच्या जिभेवर असले शब्द कधी बसावेत आणि पुढे तिचा निभाव कसा लागावा. मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. मी दाखल्यावर सही केली. ती सही मला अद्याप बोचते.

महाराष्ट्रापासून दूर, परभाषिक नगरात मराठी माध्यमाची शाळा चालविताना हा प्रश्न पुनःपुन्हा समोर येतो. आपल्या मुलांच्या घरी मराठी, बाजारात हिंदी आणि पुढील शिक्षणात इंग्रजी. एकाच वस्तूची तीन तीन नावे आणि त्यांतले शेवटचे सर्वांत अवघड. या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचले. हीरक महोत्सवी स्मरणिकेच्या निमित्ताने ते चरित्र माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे ठेवीत आहे. अवघड शास्त्रीय शब्द कशासाठी जन्माला आले आणि ते कसे वाचावेत, हे त्या चरित्रातून जितके कळते तितके शब्दकोशातूनही कळत नाही.

त्यांचे नावच मुळी उच्चाराची परीक्षा घेणारे. कोणी त्यांना लव्हॉयझर म्हणतात, कोणी लॅव्हासिए. मूळ फ्रेंच उच्चार लाव्हाझिए याच्या जवळ जाणारा आहे. नावाच्या अखेरीस लिहिलेला र फ्रेंच माणसे उच्चारीत नाहीत. म्हणजे आपले विद्यार्थी जेथे अडखळतात तेथे त्यांची बुद्धी कमी पडलेली नसते; त्या अक्षरांमागची रीत त्यांना कोणी सांगितलेली नसते, इतकेच.

आंत्वान लाव्हाझिए यांचा जन्म २६ ऑगस्ट १७४३ रोजी पॅरिस येथे एका सधन वकिलाच्या घरी झाला. ते पाच वर्षांचे असताना मातृछत्र हरपले. पुढे आजी आणि अविवाहित मावशी यांनी त्यांना मायेने वाढविले. माझारँ महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. तेथे भाषा आणि साहित्य यांचा पाया पक्का झाला आणि लाकाय या खगोलशास्त्रज्ञाच्या हाताखाली गणिताची गोडी लागली. घराण्याच्या रीतीप्रमाणे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. परंतु मन विज्ञानातच रमले होते. राजोद्यानात रुएल यांची रसायनशास्त्रावरील व्याख्याने ते आवडीने ऐकत. भूगर्भशास्त्रज्ञ गेतार यांच्याबरोबर खडक आणि खनिजे पाहत त्यांनी फ्रान्समध्ये पुष्कळ भ्रमंती केली. पॅरिसच्या रस्त्यांवरील दिवाबत्ती कशी सुधारावी, या विषयावर त्यांनी लिहिलेल्या निबंधास १७६६ मध्ये राजाकडून सुवर्णपदक मिळाले. १७६८ मध्ये, वयाची पंचविशी पुरी होण्याच्या आतच, ते विज्ञान अकादमीवर निवडून आले.

त्याच वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट केली. फ्रान्समध्ये मीठ, तंबाखू यांवरील आणि इतर काही कर वसूल करण्याचा मक्ता राजाने श्रीमंतांच्या एका मंडळाला दिलेला होता. त्या मंडळात लाव्हाझिए यांनी भाग विकत घेतला. या उत्पन्नातून त्यांची सुसज्ज प्रयोगशाळा उभी राहिली. आणि याच भागीदारीने अखेर त्यांचा जीव घेतला.

मंडळातीलच एक ज्येष्ठ भागीदार झाक पोल्झ यांची कन्या मारी-ॲन हिच्याशी १७७१ च्या डिसेंबरात त्यांचा विवाह झाला. वधूचे वय तेराच्या पुढे, वराचे अठ्ठावीस. त्या काळच्या आपल्याकडील बालविवाहांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. मात्र या मुलीने संसाराबरोबर अभ्यासही मांडला. लाव्हाझिए यांना इंग्रजी फारसे येत नव्हते आणि वायूंवरील नवे संशोधन तर इंग्लंडमध्ये चालले होते. मारी-ॲन यांनी इंग्रजी आणि लॅटिन शिकून घेतले, इंग्रजी ग्रंथ पतीसाठी फ्रेंचमध्ये आणले, दाव्हिद या नामवंत चित्रकाराकडे चित्रकलेचे धडे घेतले आणि प्रयोगांच्या नोंदी स्वतःच्या हाताने ठेवल्या. ज्या माणसाने जगाला रसायनशास्त्राची भाषा दिली, त्यालाही परभाषेतले ज्ञान मातृभाषेत आणून देणारे कोणीतरी लागले, ही गोष्ट मी पालकांना आवर्जून सांगत असते.

१७७५ मध्ये सरकारी बंदूकदारूच्या कारभारावर लाव्हाझिए यांची नेमणूक झाली. सोरा तयार करण्याच्या पद्धतीत त्यांनी पुष्कळ सुधारणा केल्या. शस्त्रागाराच्या आवारात त्यांना निवासस्थान मिळाले आणि तेथेच त्यांची प्रयोगशाळा थाटली गेली. दिवसभर कचेरीचे काम असे. म्हणून सकाळी सहा ते नऊ आणि रात्री सात ते दहा हा वेळ त्यांनी विज्ञानासाठी राखून ठेवला होता आणि आठवड्यातला एक पूर्ण दिवस प्रयोगांना वाहिला होता. प्रयोगशाळेत सर्वांत मानाचे स्थान तराजूला होते. अभिक्रियेत शिरलेला प्रत्येक कण बाहेर पडलेल्या कणांच्या हिशेबात दिसलाच पाहिजे, हा त्यांचा दंडक होता. करांचा हिशेब ठेवणाऱ्या हाताला ही सवय नवी नव्हती.

त्या काळी वस्तू जळते म्हणजे काय होते, याचे एक ठरलेले उत्तर होते. प्रत्येक ज्वलनशील वस्तूत फ्लॉजिस्टॉन नावाचे एक तत्त्व असते आणि जळताना ते बाहेर पडते, असे श्टाल या जर्मन रसायनज्ञाच्या काळापासून मानले जाई. लाव्हाझिए यांनी १७७२ मध्ये गंधक आणि फॉस्फरस जाळून पाहिले, तेव्हा त्यांचे वजन घटण्याऐवजी वाढलेले आढळले. काही बाहेर पडले असेल तर वजन वाढावे कसे? हे निरीक्षण त्यांनी मोहोरबंद लखोट्यात घालून १ नोव्हेंबर १७७२ रोजी अकादमीच्या स्वाधीन केले.

उत्तराचा दुसरा धागा इंग्लंडहून आला. जोसेफ प्रीस्टली यांनी १ ऑगस्ट १७७४ रोजी पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने ऊन एकवटले असता त्यातून एक वायू निघाला. त्यात मेणबत्ती नेहमीपेक्षा प्रखरपणे जळू लागली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात प्रीस्टली पॅरिसला आले असता एका भोजनप्रसंगी त्यांनी हा प्रयोग लाव्हाझिए यांच्या कानावर घातला. स्वीडनमधील शेले यांनीही हा वायू स्वतंत्रपणे मिळविला होता आणि तशा आशयाचे पत्र लाव्हाझिए यांना लिहिले होते. या दोघांचे ऋण लाव्हाझिए यांनी मोकळ्या मनाने मान्य केले नाही, हा त्यांच्या चरित्रावरील डाग आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही.

मात्र त्या वायूचा अर्थ लावला तो त्यांनीच. लांब मानेच्या काचपात्रात ४ औंस पारा घेऊन त्यांनी तो ५० घनइंच हवेच्या सान्निध्यात सलग बारा दिवस तापत ठेवला. पाऱ्यावर हळूहळू तांबडे कण जमले आणि हवा आकसून ४२ ते ४३ घनइंच राहिली. उरलेल्या हवेत ज्योत विझली, प्राणी गुदमरले. मग ते ४५ ग्रेन तांबडे भस्म अधिक तापविले, तेव्हा साडेएकेचाळीस ग्रेन पारा परत मिळाला आणि ७ ते ८ घनइंच वायू बाहेर पडला. जितकी हवा हरवली होती तितकी जवळजवळ परत आली. जळताना वस्तूतून काही निसटत नाही, उलट हवेतला एक घटक तिच्याशी संयोग पावतो, हे या प्रयोगाने उघड केले.

येथे शब्दांचा प्रश्न उभा राहिला. प्रीस्टली यांनी या वायूला फ्लॉजिस्टॉनविरहित हवा असे नाव दिले होते. फ्लॉजिस्टॉन नावाची वस्तूच अस्तित्वात नसेल, तर तिच्या अभावावरून पडलेले नाव किती दिवस वापरायचे? जोवर ते नाव तोंडी आहे तोवर जुनी कल्पना डोक्यातून जाणार नाही, हे लाव्हाझिए यांनी ओळखले.

इतर नावांचीही हीच अवस्था होती. शतकानुशतके किमयागारांनी जी नावे ठेवली ती रूपावरून, रंगावरून, गावावरून किंवा ग्रहांवरून. एका तीव्र आम्लाला तेल म्हणत, कारण ते तेलासारखे दाट दिसे. अँटिमनीच्या एका दाहक संयुगाला लोणी म्हणत, कारण ते मऊ होते. जस्ताची फुले होती, गंधकाचे यकृत होते, शिशाची साखर होती. ही साखर गोड लागे खरी, पण ती विष होती. नवशिक्याने ही शेकडो नावे केवळ घोकावीत, दुसरा उपाय नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण घ्यावे. मोरचूद आणि हिराकस ही दोन नावे आपल्या आजीला ठाऊक होती. नावे गोड आहेत, मराठी आहेत. परंतु या दोन वस्तू एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत, हे त्या नावांवरून कळत नाही. तांब्याचे सल्फेट आणि लोहाचे सल्फेट म्हटले की दोघींचे कूळ एकदम समजते. एकीत तांबे, दुसरीत लोह आणि दोघी गंधकाम्लाच्या लेकी. घरातले नाव आणि कुळाचे नाव यांत जो फरक असतो तोच येथे आहे. हाक मारायला घरचे नाव पुरते. वंशावळ मांडायची तर कुळाचे नाव लागते.

नामकरणाचा विचार प्रथम मांडला तो दिजाँ येथील गीताँ द मोर्व्हो यांनी, १७८२ मध्ये. तेही मूळचे वकीलच. पुढे लाव्हाझिए, बेर्तोले आणि फूर्क्र्वा त्यांना येऊन मिळाले आणि चौघांनी १७८७ मध्ये रासायनिक नामकरणाची पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. तिचे सूत्र साधे होते. ज्या पदार्थाचे आणखी विघटन करता येत नाही त्याला एक साधे नाव द्यावे आणि संयुगाचे नाव त्याच्या घटकांच्या नावांवरून घडवावे. नाव ऐकताच घटक कळले पाहिजेत.

त्यात त्यांनी प्रत्ययांची सोय केली. गंधकाची दोन आम्ले असली तर ज्यात ऑक्सिजन अधिक त्याला एक प्रत्यय, ज्यात कमी त्याला दुसरा. पहिल्यापासून झालेला क्षार सल्फेट, दुसऱ्यापासून झालेला सल्फाइट आणि ऑक्सिजनवाचून धातू व गंधक यांचा थेट संयोग झाला तर तिसरा प्रत्यय. त्या तिसऱ्याचे आजचे रूप सल्फाइड. सल्फेट, सल्फाइट, सल्फाइड हे तीन शब्द आपल्या मुलांना सारखेच वाटतात आणि परीक्षेत हमखास चुकतात. पण शेवटचा एक ध्वनी बदलला की आतला ऑक्सिजन बदलतो, हे एकदा उमगले म्हणजे उच्चार सैल होत नाही. नाम तेच असून ने, ला, चा या प्रत्ययांनी अर्थ पालटतो, हे मराठीच्या व्याकरणात आपण पाचवीपासून शिकवितो. विभक्ती येणाऱ्या मुलाला रसायनशास्त्राचे प्रत्यय परके वाटण्याचे कारण नाही.

मूलद्रव्यांच्या नावांसाठी त्यांनी ग्रीक भाषेचा आधार घेतला. आम्ल उत्पन्न करणारा तो ऑक्सिजन. पाणी उत्पन्न करणारा तो हायड्रोजन. पाणी हे मूलद्रव्य नसून दोन वायूंचे संयुग आहे, असे लाव्हाझिए यांनी १७८३ मध्ये लाप्लास यांच्या साहाय्याने दाखविले होते. हायड्रोजन जाळल्यावर पाणी बनते, हे निरीक्षण मात्र कॅव्हेंडिश यांनी आधीच केले होते. हवेतील ज्या भागात प्राणी जगत नाही त्याला त्यांनी आझोत म्हटले. आपण त्यास नायट्रोजन म्हणतो; फ्रेंच भाषेत आझोत अजूनही रूढ आहे.

या ग्रीक शब्दांपाशी मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. हायड्रोजन यातला हायड्र म्हणजे पाणी, आणि तो संस्कृत उद किंवा उदक या शब्दाचा नातलग आहे. जन म्हणजे उत्पन्न करणारा. तो तर आपल्या जन् या धातूचाच भाऊ. म्हणून मराठीत हायड्रोजनला उद्जन म्हटले तेव्हा केवळ अनुवाद झाला नाही, फार पूर्वी ताटातूट झालेल्या दोन शब्दांची पुनर्भेट झाली. आझोत यातला पहिला अ हा आपलाच नकार आहे आणि पुढील भाग जीव या शब्दाशी रक्ताचे नाते सांगतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळच्या असाव्यात, हा विचार विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ मध्ये, म्हणजे त्या नामकरणग्रंथाच्या अवघे एक वर्ष आधी मांडला होता. ज्या शब्दांना आपण परके म्हणून घाबरतो त्यांतले कितीतरी आपल्या आजोळचे आहेत.

नव्या नावांचे स्वागत लगेच झाले नाही. अकादमीच्या समितीने सावध अभिप्राय दिला. अनेकांना ती नावे कर्कश आणि उच्चारायला कठीण वाटली. आपले विद्यार्थी ज्या शब्दांवर अडखळतात त्यांवर त्या काळचे विद्वानही अडखळले होते. किरवान या आयरिश रसायनज्ञाने फ्लॉजिस्टॉनच्या समर्थनार्थ ग्रंथ लिहिला. मारी-ॲन यांनी १७८८ मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद केला आणि लाव्हाझिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला टिपा जोडून त्याचे एकेक मत खोडून काढले. विरोधकाचे म्हणणे आधी आपल्या भाषेत प्रामाणिकपणे मांडायचे आणि मग उत्तर द्यायचे, ही रीत अनुकरणीय आहे. काही वर्षांतच किरवान यांनी आपले मत बदलले. प्रीस्टली मात्र अखेरपर्यंत फ्लॉजिस्टॉनलाच धरून राहिले.

१७८९ मध्ये लाव्हाझिए यांचा रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील उपकरणांच्या तेरा आकृत्या मारी-ॲन यांनी स्वतः काढल्या. आपण भाषा सुधारायला निघालो आणि त्या ओघात रसायनशास्त्राचाच ग्रंथ तयार झाला, अशा आशयाची कबुली त्यांनी प्रस्तावनेत दिली आहे. विचार सुधारल्यावाचून भाषा सुधारत नाही आणि भाषा सुधारल्यावाचून विचार पुढे जात नाही, हे त्यांच्या साऱ्या कार्याचे सार. या ग्रंथात ३३ साध्या पदार्थांची यादी आहे. तीत प्रकाश आणि उष्णता यांचाही समावेश आहे. आज ते आपल्याला चुकीचे दिसते. परंतु ही यादी आजच्या साधनांची मर्यादा सांगते, उद्या यातले काही पदार्थ संयुगे ठरू शकतील, ही जाणीव त्यांनी ठेवली होती.

जीवशास्त्रालाही त्यांनी मोठी देणगी दिली. १७८२-८३ च्या हिवाळ्यात लाप्लास यांच्यासह त्यांनी बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवला. त्याच्या शरीराच्या उष्णतेने किती बर्फ वितळते आणि तो किती कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, हे त्यांनी मोजले. श्वसन हे एक मंद ज्वलन आहे, असा निष्कर्ष निघाला. पुढे सेगँ या सहकाऱ्याने स्वतःवरच प्रयोग करू दिले. श्रम करताना, थंडीत आणि जेवणानंतर माणसाला अधिक ऑक्सिजन लागतो, हे त्यांतून दिसले. या प्रयोगांच्या मारी-ॲन यांनी काढलेल्या चित्रांत एका बाजूला मेजापाशी टिपणे घेत बसलेल्या त्या स्वतःही दिसतात. अंगमेहनत करणारा गरीब माणूस शरीरात अधिक जाळतो, म्हणजे त्याला अधिक अन्न हवे. प्रत्यक्षात मात्र अधिक अन्न श्रीमंतालाच मिळते, हा विचार लाव्हाझिए यांच्या लेखणीतून उतरला. करवसुली करणाऱ्या मंडळाच्या भागीदाराने तो लिहावा, यातली विसंगती वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

आता त्यांच्या चुकीविषयी सांगितले पाहिजे, कारण ती आपल्या विषयाच्या अगदी केंद्रस्थानी आहे. सर्व आम्लांत ऑक्सिजन असतोच, अशी लाव्हाझिए यांची खात्री होती. म्हणून तर त्यांनी त्याला आम्लजनक म्हटले. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवून दिले. म्हणजे मिठापासून मिळणाऱ्या आम्लात ऑक्सिजनचा मागमूस नाही, हे सिद्ध झाले. नावांनी सत्यच सांगावे म्हणून आयुष्य वेचणाऱ्या माणसाने सर्वांत प्रसिद्ध नावातच चूक करून ठेवली. ती जगभर पसरली. जर्मन भाषेत ऑक्सिजनला आम्लद्रव्य या अर्थाचा शब्द आहे, बंगालीत अम्लजान. मराठीने मात्र येथे प्राणवायू हा शब्द पत्करला. लाव्हाझिए यांनीही ऑक्सिजन हे नाव सुचण्यापूर्वी या वायूचे वर्णन श्वसनास सर्वांत योग्य अशी हवा म्हणूनच केले होते. तेव्हा आपल्या मुलाने ऑक्सिजन हा शब्द जरूर शिकावा, तो शुद्ध उच्चारावा, पण घरचा प्राणवायू टाकू नये. या एका बाबतीत घरचे नाव अधिक खरे आहे.

फ्रेंच राज्यक्रांती झाली तेव्हा लाव्हाझिए सुधारणांच्या बाजूचे होते. वजनमापांच्या नव्या दशमान पद्धतीसाठी त्यांनी झटून काम केले. परंतु करवसुली मंडळाविषयी जनतेच्या मनात साचलेला संताप मोठा होता आणि तो अकारण नव्हता. करचुकवेगिरी थांबावी म्हणून पॅरिसभोवती बांधलेली भिंत लोकांना तुरुंगासारखी वाटे आणि तिच्याशी लाव्हाझिए यांचे नाव जोडलेले होते. ज्यांचे अग्नीविषयीचे संशोधन त्यांनी पूर्वी नाकारले होते ते मारा आता क्रांतीचे प्रभावी पत्रकार झाले होते आणि त्यांनी लाव्हाझिए यांच्यावर कठोर टीका चालविली. १७९३ च्या ऑगस्टमध्ये विज्ञान अकादमीच बरखास्त झाली. नोव्हेंबरात मंडळाच्या भागीदारांना पकडण्याचा हुकूम सुटला आणि लाव्हाझिए सासऱ्यांसह स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाले. तुरुंगातही त्यांनी आपल्या संशोधनपर लेखांच्या संकलनाचे काम चालू ठेवले. मारी-ॲन सुटकेसाठी धडपडत होत्या. नामकरणातले दोन सहकारी, गीताँ आणि फूर्क्र्वा, क्रांतीच्या प्रतिनिधिसभेचे सदस्य होते. परंतु त्यांच्याकडून लाव्हाझिए यांचा बचाव झाला नाही. ८ मे १७९४ रोजी खटला चालला आणि त्याच दिवशी सासरे झाक पोल्झ व इतर भागीदार यांच्यासह त्यांचा शिरच्छेद झाला. एकूण अठ्ठावीस जण होते. लाव्हाझिए यांचे वय पन्नास वर्षांचे होते.

मारी-ॲन यांनी एकाच दिवशी पती आणि पिता गमावले. मालमत्ता जप्त झाली, त्यांनाही काही काळ कैद सोसावी लागली. वादळ शमल्यावर ग्रंथ आणि उपकरणे परत मिळाली, तेव्हा तुरुंगात अर्धवट राहिलेले ते संकलन त्यांनी प्रसिद्ध केले. त्यांचा मृत्यू १८३६ मध्ये झाला. तोवर पतीने रचलेली भाषा सर्व युरोपभर विद्यार्थ्यांच्या तोंडी रुळली होती. ज्यांनी त्यांना वाचविले नाही ते आणि ज्यांनी त्यांच्याशी वाद घातला त्यांचे शिष्यही तीच भाषा बोलत होते.

आता पुन्हा त्या आठवीच्या वर्गाकडे वळते. डीऑक्सिरायबोन्यूक्लिइक ॲसिड. तो शब्द एका दमात उच्चारण्यासाठी घडविलेला नाही, सांधे पाहून उलगडण्यासाठी घडविलेला आहे. डी म्हणजे काढून घेतलेला. ऑक्सि म्हणजे तोच तो लाव्हाझिए यांचा ऑक्सिजन. रायबो म्हणजे रायबोज नावाची शर्करा. न्यूक्लिइक म्हणजे पेशीच्या केंद्रकाशी संबंधित. ॲसिड म्हणजे आम्ल. ज्याच्या शर्करेतून ऑक्सिजनचा एक अणू उणा आहे असे केंद्रकातले आम्ल, एवढाच त्या भीतिदायक शब्दाचा अर्थ. कार्बोहायड्रेट फोडला की कर्ब आणि उदक हाती येतात आणि मराठीतला कर्बोदक हा शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो. सामासिक शब्दाचा विग्रह करायला आपण मुलांना मराठीच्या तासाला शिकवितोच. तीच रीत विज्ञानाच्या तासाला न्यायची, एवढेच.

गेली काही वर्षे आमच्या शाळेत अवघड शब्द आला की शिक्षक तो फळ्यावर लिहितात, मुले त्याचे सांधे शोधून उभ्या रेघा मारतात, प्रत्येक तुकड्याचा अर्थ सांगतात आणि मगच तो मोठ्याने म्हणतात. अडखळणाऱ्याला कोणी हसत नाही, कारण पुढचा तुकडा कोणाला सापडतो याचीच चढाओढ लागते. मातृभाषेचा आधार सोडून हे शब्द येत नाहीत, त्या आधारानेच ते येतात, हा माझा अनुभव आहे. त्या दिवशी कार्यालयात त्या सज्जन पालकांना मला एवढेच सांगायचे होते. उत्तर मिळायला उशीर झाला, तो दोष माझा. ही स्मरणिका हातोहात फिरत त्या मुलीच्या घरी पोहोचली, तर तिने हा लेख तिच्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवावा, आणि तो शब्द आला की थांबू नये.